कंबरेचे दुखणे आणि आपली चाल

(आपल्या प्रार्थना मंदिराच्या सभागृहात ज्येष्ठांच्या बैठकीत एका निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रारंभीच एक विनंती करते. माझे बोलणे सुमारे अर्ध्या तासाचे आहे. त्या वेळात ज्यांना उठावेसे वाटेल त्यांनी खुशाल उठावे, मागच्या मोकळ्या जागेत चार पावले चालावे आणि पुन्हा येऊन बसावे. मला त्यात यत्किंचितही अवमान वाटणार नाही. आजचा विषयच असा आहे की, जो श्रोता मध्येच उठेल त्याला माझे म्हणणे अगोदरच कळलेले आहे असे मी मानीन.

येत्या शब्बाथला आपण 'वयिश्लाह' हा पाराशा ऐकणार आहोत. याकोब आपल्या कुटुंबाला यब्बोकच्या उतारापलीकडे पोहोचवतो आणि स्वतः रात्री एकटाच मागे राहतो. पहाट होईपर्यंत एक अनोळखी पुरुष त्याच्याशी झुंजतो आणि त्याच्या मांडीच्या सांध्याला स्पर्श करतो. सूर्य उगवतो तेव्हा याकोब लंगडत पेनुएल ओलांडत असतो. 'इस्राएल' हे नाव त्याला मिळाले ते त्याच झुंजीनंतर. आपण स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे म्हणवतो. ते नाव आणि ते लंगडणे ही एकाच पहाटेची देणगी आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

त्या प्रसंगाची आठवण म्हणून 'गीद हनाशे' ही मांडीतील शीर आपण खात नाही, आणि कोशेर खाटीक ती काढल्यावाचून मागील पायाचे मांस विकत नाहीत. वैद्यकशास्त्र जिला सायटिक नस म्हणते ती हीच. मानवी शरीरातील ही सर्वांत जाड नस होय. कंबरेच्या खालच्या भागातून निघालेल्या मुळांपासून ती बनते, नितंबातून मांडीच्या मागील बाजूने उतरते आणि तिच्या शाखा पावलापर्यंत पोहोचतात. आपले पूर्वज ज्या भूमीत राहिले तेथील आयुर्वेदाने तिच्या दुखण्याला 'गृध्रसी' असे नाव दिले आहे. गृध्र म्हणजे गिधाड, आणि रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव. आपल्या तोरेने आणि आयुर्वेदाने, दोघांनीही हे दुखणे माणसाच्या चालीवरून ओळखले. आज मीही चालीविषयीच बोलणार आहे.

आता थोडे शरीरशास्त्र. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मधोमध २३ चकत्या असतात. चकतीची रचना समजून घ्यायची असेल तर कांदा डोळ्यांसमोर आणावा. बाहेर एकावर एक घट्ट थर आणि आत ओलसर, मऊ गर. हा गर पाणी धरून ठेवतो, म्हणून चालताना, उड्या मारताना मणक्यांना हादरे बसत नाहीत. वयाबरोबर गरातील पाणी कमी होते आणि बाहेरच्या थरांना बारीक चिरा पडतात. एखाद्या दिवशी, वाकताना, ओझे उचलताना किंवा नुसते शिंकतानाही, त्या चिरेतून गर बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला टेकतो. केवळ दाबामुळेच नव्हे, तर त्या गराने नसेला सूज येते म्हणूनही पायात कळ उठते. कंबरेतील असे प्रसंग बहुतांशी शेवटच्या दोन चकत्यांत घडतात, कारण शरीराचा भार आणि वाकण्याचा ताण तेथेच सर्वांत अधिक येतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आपण 'स्लिप डिस्क' म्हणतो, 'चकती सरकली' म्हणतो. परंतु चकती जागची हलत नाही. ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. जी सरकलीच नाही ती कुणी 'बसवू' शकत नाही. माझ्या लहानपणी अलिबागकडील आमच्या गावी कुणाच्या कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा शोध सुरू होई. जो जन्मताना पायांकडून बाहेर आला तो पायाळू. त्याने कंबरेवर लाथ मारली की उसण उतरते, अशी समजूत होती. साधी उसण ही बहुधा स्नायूंची असते. ती चार-आठ दिवसांत आपण होऊनच उतरते. श्रेय मात्र लाथेला मिळे. चकतीचा गर नसेवर आलेला असताना असे हिसके घेणे धोक्याचे आहे. आज येथे पायाळू कुणी शोधत नाही, परंतु 'एका झटक्यात चकती बसवून देतो' असे सांगणारे येथेही भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७२ साली मुंबईत मी नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, काही वर्षे तेथील वॉर्डांत काम केले आणि इस्राएलला आल्यावर निवृत्तीपर्यंत हाच व्यवसाय केला. परिचारिका आणि कंबरदुखी यांची सोबत जगभर आहे. रुग्णाला पलंगावर वर सरकवणे, कुशीवर वळवणे, खुर्चीत बसवणे हे रोजचे काम. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी माझ्या कंबरेतील चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीचा गर बाहेर आला. कंबर फारशी दुखत नव्हती. कळ होती ती उजव्या पायात. मांडीच्या बाहेरच्या अंगाने, पोटरीच्या कडेने, थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. रुग्णांकडून मी हे वर्णन शेकडो वेळा ऐकले होते आणि तक्त्यावर लिहिलेही होते. परंतु तक्त्यावर न मावणाऱ्या गोष्टी किती असतात, ते मला त्या वर्षी उमगले. आज मुख्यत्वे त्याच सांगायच्या आहेत.

तत्पूर्वी उपचारांविषयी, कारण आपल्या घराघरांत अजून जुनेच सल्ले दिले जातात. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी फाटलेल्या चकतीचा आणि पायातील कळेचा संबंध निर्विवाद दाखवून दिला. पुढे कित्येक दशके दोनच मार्ग प्रचलित होते, शस्त्रक्रिया किंवा सक्तीची विश्रांती. मी शिकत होते तेव्हा गादीखाली लाकडी फळी घालून, पायांना वजने बांधून आम्ही रुग्णांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत असू. ते उठत तेव्हा त्यांच्या मांड्या काडीसारख्या झालेल्या असत.

१९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्याने कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस निजवले, काहींना व्यायाम दिले आणि काहींना सांगितले की सोसवेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. १९९९ साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी पायात कळ येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली. दोन आठवडे निजून राहिलेले आणि हिंडतेफिरते राहिलेले यांच्यात काही फरक दिसला नाही; बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत शंभरांपैकी ८७ जणांनी आपण सुधारल्याचे सांगितले. म्हणजे निजून राहिल्याने लाभ काही नाही, आणि स्नायूंची हानी मात्र होते. कळ असह्य असेल तर एखाददुसरा दिवस जरूर पडून राहावे. त्यानंतर उठावे.

हे ऐकून आपल्याला दिलासा वाटावा. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून उतरते. एमआरआयच्या अहवालाने घाबरून जाऊ नये, हेही सांगते. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत कुठली ना कुठली चकती फुगलेली आढळली. अहवालातील प्रत्येक शब्द म्हणजे आजार नव्हे. अहवाल आणि पाय, दोन्ही पाहून डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा असतो.

शस्त्रक्रियेचे काय? २००७ साली नेदरलँड्समध्येच, ज्यांची कळ दीड ते तीन महिने टिकली होती अशा रुग्णांची तुलना झाली. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षाच्या अखेरीस मात्र दोन्ही गटांत शंभरांपैकी सुमारे ९५ जण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, हेही खरे. म्हणून शस्त्रक्रिया करवून घेणारा भित्रा नव्हे आणि थांबणारा शूर नव्हे. कुणाची कळ किती, कुणाला किती दिवस थांबणे परवडते, यावर तो निर्णय अवलंबून असतो. माझी कळ अकराव्या आठवड्यात उतरली. अंगठ्याची बधिरता थोडी शिल्लक राहिली, ती आजही आहे.

परंतु काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एक तासही दवडू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे. शौचावरील ताबा जाणे. खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तेथे, म्हणजे मांड्यांच्या आतील बाजूस आणि गुद्द्वाराभोवती बधिरता येणे. दोन्ही पायांतील शक्ती जाणे. यांपैकी काहीही झाले तर सरळ मियून गाठावे, किंवा १०१ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चालताना पाऊल लुळे पडून जमिनीला घासू लागले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तसेच कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा हाडे ठिसूळ झालेल्या माणसाला पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर ते चकतीचे दुखणे आहे असे परस्पर ठरवू नये. लघवी अडलेली असताना शब्बाथ संपण्याची वाट पाहत घरी बसलेली माणसे मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत. शब्बाथ असो, दारफाळणीचा सण असो, अशा वेळी थांबायचे नसते. पिकुआह नेफेशचा नियम आपल्या शास्त्रानेच घालून दिला आहे.

आता रोजच्या जगण्याकडे वळू. चकतीच्या रुग्णाची पहिली परीक्षा पलंगावरून उठताना असते. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा किंचित अधिक भरते. फुगलेल्या चकतीला वाकणे सोसत नाही. पाठीवर निजलेले असताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, गुडघे दुमडावे, पाय पलंगाखाली सोडावे आणि त्याच वेळी हाताने धड वर रेटावे. उठल्यावर पहिला तासभर खाली वाकण्याची कामे टाळावी. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकावा. शिंक किंवा खोकला आलाच तर भिंतीचा आधार घेऊन गुडघे थोडे वाकवावे.

त्यानंतर प्रश्न येतो मोज्यांचा. आपण हसाल, परंतु सबंध दिवसातील सर्वांत अपमानास्पद क्षण कोणता असे विचारले तर पुष्कळ रुग्ण मोज्यांचेच नाव घेतील. स्वतःचा पाय स्वतःपासून इतका दूर असतो, हे त्या दिवसांत कळते. पहिले सहा आठवडे माझ्या यजमानांनी माझ्या पायांत मोजे घातले. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केले, परंतु गुडघे टेकून माझ्या पायाशी बसलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. मला फार संकोच वाटला. ते म्हणाले, "आजवर तू किती लोकांच्या पायांत मोजे घातलेस, मोजलेस का?" त्यानंतर मी संकोच सोडला. ज्यांच्या घरी असे कुणी नाही त्यांच्यासाठी साधने आहेत: दोऱ्या लावलेले मोजे घालण्याचे साधन, लांब दांड्याचा शू-हॉर्न, खाली पडलेली वस्तू उचलण्याचा लांब चिमटा, संडासावर बसवायची उंच बैठक. 'यद सारा' ही संस्था आजारपणात लागणारी साधने अनामत घेऊन वापरायला देते. तेथे चौकशी करण्यात कसलाही कमीपणा नाही.

स्वयंपाकघरात आपल्या समाजाचे स्वतःचे असे काही प्रश्न आहेत. नव्याच्या सणाला आपण चिकाचा हलवा करतो. तो आटेपर्यंत ढवळत उभे राहावे लागते. हात थांबला की हलवा तळाला लागतो. ओट्याशी ताटकळत उभे राहताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा बुटक्या पाटावर ठेवावा व काही मिनिटांनी पाय बदलावा. कंबरेची कमान त्यामुळे सैल राहते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोघींनी पाळीपाळीने ढवळावे. मलिद्यासाठी नारळ खवायचे असतील तर जमिनीवर विळी घेऊन बसू नये. टेबलाला घट्ट बसणारी खवणी मिळते. खोबरे तितकेच बारीक पडते आणि एलियाहू हन्नावीच्या नावाने केलेल्या मलिद्याची गोडीही कमी होत नाही.

शुक्रवारची स्पोंजा हे दुसरे संकट. बादलीभर पाणी उचलणे, ते ओतणे आणि मगावने वाकून वाकून दाराकडे लोटणे, यात कंबर वाकते आणि त्याच वेळी पिळवटतेही. चकतीला हीच जोडी सर्वांत वाईट. बादली अर्धीच भरावी, मगावला लांब दांडा लावावा, कंबरेत न वळता पाय वळवावे, आणि सगळे घर एकाच दिवशी धुण्याचा आग्रह सोडावा. पेसाहच्या साफसफाईलाही हेच लागू. हामेत्स शोधायचा असतो; कपाटामागची धूळ म्हणजे हामेत्स नव्हे.

दिमोना, बेरशेबा, लोद, अशदोद, जेथे जेथे आपली वस्ती आहे तेथे जुन्या शिक्कुनांत अजून पुष्कळ इमारती लिफ्टवाचूनच्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर भाजी नेताना अगाला जिन्यावरून ओढत नेऊ नये. सामान दोन लहान पिशव्यांत वाटून दोन्ही हातांत सारखे घ्यावे, किंवा दोन खेपा कराव्या. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. स्वीडनच्या नाकेमसन या शल्यचिकित्सकाने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकत्यांत सुई घालून दाब मोजला होता. निजलेले असताना दाब सर्वांत कमी, आणि पुढे वाकून ओझे उचलताना तो कित्येक पटींनी वाढतो, असे त्याला आढळले. उचलायचेच असेल तर गुडघे वाकवावे आणि ओझे छातीशी घ्यावे. आपल्यापैकी ज्या भगिनी मेतापेलेत म्हणून वृद्धांना उचलण्या-बसवण्याचे काम करतात त्यांना मी विशेष आग्रहाने सांगते: चादरीचा, पट्ट्याचा, दुसऱ्या माणसाचा आधार मागून घ्या. तुमची कंबर ही तुमची पोटापाण्याची शिदोरी आहे.

बसण्याविषयी अधिक बोलत नाही. हात टेकायला जागा असलेली ताठ पाठीची खुर्ची, कंबरेच्या खोलगट भागी गुंडाळलेला टॉवेल आणि अर्ध्या तासाला एकदा उठणे एवढे पुरे. निजताना पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये उशी. शेक घेतल्याने बरे वाटते, जरूर घ्यावा; मात्र जेथे बधिरता आहे तेथे गरम पिशवी ठेवू नये, भाजलेले कळत नाही. वेदनाशामक गोळ्या शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊ नयेत. आपल्या वयात रक्तदाब, मूत्रपिंड आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्याशी त्यांचे वैर असू शकते. कुपत होलीममार्फत फिजिओथेरपी मिळते. चार भेटींत बरे वाटले की लोक व्यायाम सोडतात, आणि खरे काम तेव्हाच सुरू झालेले असते.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभी आहे ते सांगते. हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला प्लास्टर असते. ते पाहून बसमध्ये लोक जागा देतात. चकतीच्या रुग्णाच्या अंगावर काहीच दिसत नाही. सकाळी त्याला उभे राहता येते, दुपारी येत नाही. काल तो बाजारात दिसला, आज मिन्यानला आला नाही. मग घरात आणि घराबाहेर कुजबुज सुरू होते. सून म्हणते, आईंना काम टाळायचे आहे. कामावरचा मुकादम म्हणतो, हे नाटक आहे. हळूहळू रुग्णालाही वाटू लागते की आपणच कमकुवत आहोत. रात्रीची झोप नाही, महिनोन्महिने कळ आहे आणि कुणाचा विश्वास नाही, अशा अवस्थेत धट्टाकट्टा माणूसही खचतो. त्याच्याशी बोलावे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांना मनाचेही सांगावे.

आपल्याच समाजातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. वर्षानुवर्षे दर शब्बाथला येणारे हे गृहस्थ एकाएकी येईनासे झाले. लोकांना वाटले, कुणावर तरी रुसले असतील. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते म्हणाले, "अमिदा उभ्याने म्हणायची असते. मला पाच मिनिटेही उभे राहवत नाही. सगळे उभे असताना मी एकट्याने बसून राहायचे, त्यापेक्षा घरी बरा." ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून प्रार्थना करावी, आजारी माणसाने निजूनही करावी, ही मुभा शुल्हान आरूखमध्ये आहे. त्यांना ती ठाऊकही होती. त्यांना अडवत होती ती लाज. आठ महिने त्यांनी सेफेर तोरा ऐकला नाही. मला विचाराल तर त्या दुखण्याने त्यांचे केलेले सर्वांत मोठे नुकसान हेच.

याच पाराशात, लंगडत्या पायाने याकोब एसावाला सामोरा जातो आणि सात वेळा भूमीपर्यंत लवून नमस्कार करतो. त्याची कंबर कशी असेल, ते आपल्यापैकी काहींना समजू शकेल. मग एसाव म्हणतो, चला, बरोबर निघू. तेव्हा याकोब त्याला सांगतो की, आपण पुढे व्हावे. माझ्याबरोबर लहान मुले आहेत, दुभती गुरे आहेत. मी त्यांच्या चालीने सावकाश येईन. कारण तो मुलांचे आणि गुरांचे देतो. परंतु हे बोलणाऱ्याचा स्वतःचाही पाय दुखावलेला आहे, हे आपण विसरू नये. एसावाबरोबर चारशे माणसे होती. त्या सर्वांसमोर 'मला तुमच्या चालीने चालता येणार नाही' असे तो स्पष्ट सांगतो. त्यात रडगाणे नाही आणि लाजही नाही. चकतीच्या रुग्णाने शिकण्यासारखे याहून मोठे वाक्य मला कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात सापडलेले नाही.

माझ्या धाकट्या नातवाच्या मिलाहच्या वेळी माझे दुखणे ऐन भरात होते. बाळाला उभ्याने घेऊन आत आणण्याचा मान मला द्यायचा, असे मुलाने ठरवले होते. मी त्याला आदल्या दिवशीच सांगितले की, मला बाळाला घेऊन उभे राहता येणार नाही. मला खुर्चीत बसवा आणि बाळ मांडीवर द्या. त्याने तसेच केले. खुर्ची दारापाशी मांडली, बाळ माझ्या मांडीवर ठेवले, आणि मग दुसऱ्या आजीने त्याला आत नेले. मान कमी झाला नाही. तो दोन आज्यांत वाटला गेला.

शेवटी पदाधिकाऱ्यांना तीन विनंत्या. पहिली: मागच्या ओळीत दाराजवळ हात टेकता येतील अशा सहा ताठ खुर्च्या कायमच्या ठेवाव्या, आणि तेथे बसणारा अमिदेच्या वेळी उठला नाही तर कुणीही मान वळवून पाहू नये. दुसरी: सेफेर तोरा उचलण्याचा मान देताना सर्वांसमोर हाक मारण्यापूर्वी हळूच विचारावे, म्हणजे ज्याला जमणार नाही त्याला नाही म्हणणे सोपे जाईल. तिसरी: बिरड्यांच्या रोजाला आणि कुणाच्या घरी शिवाला आपण जमिनीवर बसतो, दुखणाईताने कसे बसावे, ते हज्जानसाहेबांनी आधीच जाहीर करावे, म्हणजे प्रत्येकाला एकट्याने विचारण्याचा संकोच पडणार नाही. किप्पूरच्या उपवासात औषधे घेण्याविषयीही आपण आपले डॉक्टर आणि हज्जानसाहेब या दोघांना सणाच्या आधी विचारून ठेवावे.

आणि तरुणांना एकच सांगते. एखादे नेहमीचे माणूस दोन शब्बाथ दिसले नाही तर रुसले असे समजू नका. जिना चढून त्याच्या घरी जा. येताना त्याची भाजी वर घेऊन या, आणि निघताना त्याच्याबरोबर त्याच्या चालीने चार पावले चाला.

 परमेश्वर सर्व दुखणाइतांना रेफुआ शेलेमा देवो. शब्बाथ शालोम.